बोरीबंदर ते गेटवे : सोलापूरच्या बावीस जणांची मुंबई

सोलापुरातल्या आमच्या वाचनालयाच्या ज्येष्ठ गटाने दोन वर्षांत दोनदा मुंबईच्या जुन्या इमारती पाहिल्या. पहिल्या खेपेला एका दिवसात चौदा, दुसऱ्या खेपेला सहा. दोन्ही वेळा आखणी माझ्याकडे होती. तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, तरी पहिली सहल वाया घालवली, आणि ती का वाया गेली हे कळायला मला काही महिने लागले. दुसरी जमली, तीही पूर्ण नाही. अशी सहल काढणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून दोन्हींची हकिकत तपशिलाने मांडते.

आधी माणसांबद्दल. एकंदर बावीस जण, सगळ्यात धाकटी चोपन्न वर्षांची, थोरले शहात्तरचे. निम्मे निवृत्त शिक्षक आणि बँकवाले, दोघं जण गिरणीत आयुष्य काढलेले, बाकीच्यांत पूर्व भागातल्या तीन पद्मशाली बायका, ज्यांच्या घरात अजून माग चालतो. कुणी घरी तेलुगू बोलतं, कुणी कानडी, एकत्र जमलं की सगळ्यांची मराठी. बहुतेकांनी मुंबई पाहिलेली होती, पण ती लग्नाला, दवाखान्याला नाहीतर मुलाच्या नोकरीपायी. इमारत बघायची म्हणून कुणी गेलेलं नव्हतं. आणि गुडघे. बावीसपैकी नऊ जणांना जिना नको होता.

पहिली खेप

सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालो, सकाळी उतरलो. तिथून एक बस ठरवलेली होती. बसबरोबर आलेला माहीतगार पुढच्या सीटवरून नावं सांगायचा, आम्ही खिडकीतून माना वळवायचो. स्टेशन, महापालिका, फ्लोरा फाउंटन, हायकोर्ट, विद्यापीठ, म्युझियम, ताज, गेटवे, आणखी बरंच काही. दोनदा उतरलो, फोटो काढले, परत चढलो. दिवस भरगच्च गेला म्हणून मी खूश होते.

आठ दिवसांनी वाचनालयात सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, काय पाहिलं ते आठवेल तसं लिहा. ही माझी शिक्षकी सवय. ताज आणि गेटवे बहुतेकांनी लिहिलं. त्यापुढे कागद कोरेच. सहा जणांनी महापालिकेची इमारत आणि रेल्वे स्टेशन एकच समजून लिहिलं होतं. मला वाईट वाटलं, पण मग लक्षात आलं की ही चूक त्यांची नव्हेच. दोन्ही इमारती एकाच माणसाने, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने, समोरासमोर बांधल्या. स्टेशन आधी, महापालिका १८९३ मध्ये. त्यांच्या डोळ्यांना सारखेपणा बरोबर दिसला होता. तो का आहे हे सांगायला बस थांबली नव्हती.

त्याच बैठकीत पूर्व भागातल्या एका काकूंनी विचारलं, "बाई, तुम्ही बंदराचं गाव म्हणत होता. दिवसभर हिंडलो, मग समुद्र शेवटालाच का दिसला?"

दुसरी सहल या प्रश्नातून उभी राहिली.

प्रश्न नेमका काय होता

सोलापूर कोरड्या मुलखातलं. पाणी म्हटलं की आम्हाला सिद्धेश्वराचं तळं आणि कंबर तलाव. बंदराचं शहर म्हटल्यावर आमच्या माणसाच्या मनात पाण्याला लागून उभ्या असलेल्या इमारती येतात. फोर्टात, म्हणजे मुंबईच्या जुन्या कोटाच्या भागात, तसं काही दिसत नाही. गोदी भिंतींच्या आड आहे, आणि जुना किनारा तर भरावाखाली गेला आहे. बॅलार्ड इस्टेट हा अख्खा भाग १९०८ ते १९१४ च्या दरम्यान पोर्ट ट्रस्टने समुद्र बुजवून काढला. शेजारची अलेक्झांड्रा गोदी, आताची इंदिरा गोदी, खणताना निघालेली माती त्यात भरली. म्हणजे एकीकडे जहाजांसाठी खड्डा आणि त्याच मातीवर दुसरीकडे कचेऱ्या. समुद्र एवढा मागे सरल्यावर उरलेल्या इमारती पोरक्या वाटतात. त्या बंदरासाठी होत्या हे कुणीतरी सांगावं लागतं.

आणि सांगायचं तर कोणत्या धाग्याने? मी आधी शैलींचा तक्ता केला होता : गॉथिक, निओक्लासिकल, इंडो-सारसेनिक. तो मी फाडून टाकला. आमच्या गटाला जो धागा हातात घेऊन कळतो तो कापसाचा. मुंबईच्या या इमारतींमधला बराच पैसा कापसाचा आहे, आणि त्यातला काही कापूस आमच्याच बाजूच्या काळ्या मातीतून त्या बंदरावर गेला.

सन १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. १८६० मध्ये रूळ सोलापूरला पोचले. पण बोरघाटाचा रस्ता मध्ये अडलेला होता, तो १८६३ मध्ये खुला झाला. नेमक्या याच वर्षांत, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईत भाव आभाळाला भिडले. त्या पैशाच्या भरात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात जुन्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात आज आपण बघतो त्या इमारती उठल्या. युद्ध संपलं, भाव कोसळले, १८६५ मध्ये मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. दगड मात्र राहिले. पुढे १८७७ मध्ये मुंबईचेच व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी सोलापुरात कापडगिरणी काढली. आमच्याकडे तिला अजून जुनी गिरणी म्हणतात. कापूस इकडून तिकडे गेला आणि भांडवल तिकडून इकडे आलं.

हे सगळं मी निघण्यापूर्वी दोन बैठकांत सांगितलं, नकाशा काढून. पहिल्या खेपेला मी ते बसमध्ये सांगायला ठेवलं होतं, आणि बसमध्ये कुणाला काही ऐकू येत नाही.

दुसरी खेप

दिवस कामाचा निवडला, मंगळवार. रविवारी गर्दी कमी लागते खरी, पण टपाल कचेरीत माणसं नसतील तर ती कचेरी कशी बघणार? बस नाही. लांब पल्ल्याला टॅक्सी, बाकी पायी. प्रत्येक ठिकाणी किमान अर्धा तास बसायचं, आणि बसायला जागा असेल अशीच ठिकाणं घ्यायची. या एका अटीने चौदाची सहा झाली. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही प्रत्येकाने आपापलं बांधून घेतलं होतं, त्यामुळे हॉटेल शोधण्यात वेळ गेला नाही.

पहिली इमारत म्हणजे आम्ही जिथे उतरलो तीच. आमच्यातले थोरले अजून बोरीबंदरच म्हणतात, मधले व्हीटी, नातवंडं सीएसएमटी. मी त्या दिवशी बोरीबंदर हाच शब्द धरून ठेवला, कारण बंदर त्याच्या पोटात आहे. स्थानकाचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला १८८७ मध्ये तिचं नाव मिळालं, आणि पुरं व्हायला एकंदर दहा वर्षं लागली. खर्च १६ लाख १४ हजार रुपये. २००४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं.

गाडीतून उतरणारा माणूस या इमारतीला कधीच बघत नाही, कारण तो तिच्या आत असतो. म्हणून आम्ही रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर गेलो आणि सावकाश उलट वळून उभे राहिलो. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ : सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या कर्त्या लोकांचे मुखवटे कोरलेले आहेत, त्यांत जमशेटजी जीजीभॉय आणि आपले जगन्नाथ शंकरशेट. नक्षीकामातलं बरंचसं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. आणि घुमटाच्या टोकावर प्रगतीची मूर्ती, उजव्या हातात वर धरलेली मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक.

मी आणलेली दुर्बीण हातोहात फिरली. समुद्राचं विचारणाऱ्या काकूंनी ती बराच वेळ डोळ्याला लावून धरली आणि म्हणाल्या, "हे आमच्या कांड्या भरायच्या रहाटाचं चाक हाय की." मी दुरुस्त करायला गेले नाही. ते चाक रेल्वेचं असो की उद्योगाचं, रोज रहाट फिरवणाऱ्या बाईला त्यात रहाट दिसावा यात चुकीचं काही नाही. आजही त्या मूर्तीचं नाव त्यांना आठवत नाही, पण तिच्या कुठल्या हातात काय आहे ते पक्कं माहीत आहे. पहिल्या खेपेला याच काकूंच्या कागदावर स्टेशनची एक ओळही नव्हती.

दुसरी इमारत अगदी शेजारची : मुख्य टपाल कार्यालय. पर्यटकांच्या यादीत ते खालीच असतं. माझ्या मते सोलापूरच्या माणसाने मुंबईत एकच इमारत बघायची असेल तर ही बघावी. जॉन बेग या वास्तुरचनाकाराने तिचा आराखडा केला, १९१३ मध्ये ती पुरी झाली. काळा बेसॉल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड, ध्रांगध्र्याचा पांढरा दगड. आणि डोक्यावर घुमट.

मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. आम्ही समोरच्या बाजूला थांबलो, आणि गिरणीतले एक काका म्हणाले, "हे तर विजापूर!"

सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर. आमच्याकडच्या शाळांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे सहलीला गेल्या आहेत. गोलघुमटाच्या सज्जात कुजबुजून पलीकडच्या मैत्रिणीला हाक मारली नाही अशी सोलापूरची मुलगी विरळा. बेगने टपाल कार्यालयासाठी नमुना धरला तो याच गोलघुमटाचा, मुहम्मद आदिलशहाच्या १६५६ मधल्या कबरीचा. मूळ घुमट बाहेरून ४४ मीटर व्यासाचा, इथला ६५ फूट, म्हणजे निम्म्याहूनही कमी. चौकोनी दालनावर गोल छत बसवायचं तर कोपरे कसे भरायचे, हा घुमट बांधणाऱ्यांपुढचा जुना पेच आहे. विजापूरच्या कारागिरांनी तो एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सोडवला : एक चौकोन, त्यावर तिरपा फिरवलेला दुसरा चौकोन, त्यातून आठ कोन, आणि आठ कोनांवर वर्तुळ. मी फुटपाथवर दोन रुमाल एकावर एक तिरपे ठेवून दाखवलं. तेव्हा चार-पाच वाटसरूही थांबले होते.

आत मोठं दालन, खिडक्या, रांगा, शिक्के मारल्याचा ठकठक आवाज. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मध्ये उभं राहून टाळी वाजवली. गोलघुमटात एक टाळी कितीदा परत येते ते आम्हा सगळ्यांना माहीत. इथे ती शिक्क्यांच्या आवाजात विरून गेली. ते जरा हिरमुसले. मग आम्ही पन्नास पैशांची बावीस पोस्टकार्डं घेतली आणि प्रत्येकाने आपल्याच सोलापूरच्या घरचा पत्ता घातला. चष्मे शोधणं, पेन मागणं, ओळ सुचेना म्हणून एकमेकांचं वाचणं यात तास गेला. आखणीत वीस मिनिटं धरली होती. बाकीचा दिवस त्यामुळे पुढे सरकला, तरी हा तास मी पुन्हाही देईन.

तिथून टॅक्सीने हॉर्निमन सर्कल. गोल बागेभोवती कमानींच्या इमारतींचं कडं, आणि पूर्वेला टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. ही बाग १८७२ ची. त्यापूर्वी ते उघडं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन, आणि त्यावर रुईच्या गाठींच्या राशी पडायच्या. १८४४ मध्ये कापसाचा बाजार तिथून कुलाब्याला हलला, नंतर शिवडीला गेला. कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव त्याचंच. मी एवढंच म्हटलं की आपण बसलोय तिथे गाठी असायच्या. गिरणीतले दोघे लगेच बोलू लागले : गाठ कशी फोडतात, पहिल्यांदा पट्ट्या तुटल्या की रुई कशी फुगून वर येते, सूतखात्यात शिरताना तोंडाला फडकं कसं बांधायचे. त्यातल्या एकाने सांगितलं की भोंगा बंद झाल्यावरही कित्येक महिने पहाटे त्याच वेळेला जाग यायची. बागेतल्या बाकावर भाकरी खाताना हे सगळं चाललं होतं. इतिहासाचा तास मी घेतच नव्हते, ते दोघेच घेत होते.

टाऊन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला, कर्नल थॉमस कूपरच्या आराखड्याने. ग्रीक वळणाचे जाड खांब आणि समोर तीस पायऱ्या. बांधकामाला सुरुवात झाली तेव्हा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याचा पुतळा आत आहे. मे १८१८ मध्ये सोलापूरचा आमचा भुईकोट किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा पेशवाईचा मुलूख ताब्यात घेऊन बसवण्याचं काम याच माणसाकडे होतं. किल्ल्याच्या बागेत रोज फिरायला जाणाऱ्यांना हे नाव पहिल्यांदा चेहऱ्यासकट भेटलं. तीस पायऱ्या मात्र नऊ जणांना चढता आल्या नाहीत. ते खाली थांबले, आणि मला तिथेच आपली चूक दिसली : खाली थांबणाऱ्यांसाठी मी काहीच ठेवलं नव्हतं. त्यांच्यातल्या एका काकांनी आपणहून पुढाकार घेतला आणि टाऊन हॉलच्या मागे काय आहे ते चौकशी करून आले. मागे जुना कॅसल आणि त्याच्या पायाशी एके काळी समुद्र. वरून उतरलेल्यांना त्यांनीच ते सांगितलं.

जवळच्या सेंट थॉमस चर्चमध्ये थोडाच वेळ गेलो. १७१८ मध्ये तिथे पहिली उपासना झाली, आणि कोटाच्या या चर्चच्या दिशेच्या दरवाजावरून चर्चगेट हे नाव आलं. आत गार होतं, बसायला बाकं होती. एवढ्यासाठीही ते थांबणं योग्य.

ओव्हल मैदान चुकलं. टपालात गेलेल्या तासामुळे आम्ही तिथे भर अडीचला पोचलो, ऊन रणरणतं. दोघींना चक्कर आल्यासारखं झालं, झाडाखाली बसवून लिंबूपाणी पाजावं लागलं. समोर हायकोर्ट, १८७८ मध्ये पुरं झालेलं, जिथे १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आणि त्याच्या शेजारी राजाबाई टॉवर. या टॉवरसाठी मी सगळ्यात जास्त तयारी केली होती. कापसाचा राजा म्हणावा असा प्रेमचंद रायचंद, त्याने ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख दिले, आईचं नाव त्याला द्यायचं म्हणून. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. १८६५ च्या बुडीत प्रेमचंदचंही दिवाळं निघालं, पण २८० फुटांचा टॉवर १८७८ च्या नोव्हेंबरात पुरा झालाच. वर चोवीस पुतळे आहेत, पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे. दुर्बीण होती, गोष्ट होती, पण ऐकायला डोकी थाऱ्यावर नव्हती. सगळ्या धाग्याची गाठ जिथे बसणार होती तेच ठिकाण उन्हाने खाल्लं. पुन्हा गेलो तर ओव्हल साडेचारनंतर, सावल्या लांबल्यावर. म्युझियम त्या दिवशी सोडून दिलं. तिथला घुमटही विजापूरच्या वळणाचा आहे, टॅक्सीतून बघून गिरणीतल्या काकांनी ओळखला.

गेटवेला आलो ते पाचच्या सुमाराला. पाणी दिसताच सकाळपासूनची वाट पाहणं संपलं. गेटवेचा आराखडा जॉर्ज विटेटचा, पिवळा बेसॉल्ट खरोडीचा, उंची २६ मीटर, उद्घाटन डिसेंबर १९२४. त्याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी बाहेर पडली. मी हे सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि मग कुणीच काही बोललं नाही. प्रश्न विचारणाऱ्या काकू कठड्याला हात टेकून पाण्याकडे बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मला शेजारी बोलावलं आणि विचारलं, "सोलापूरचा कापूस हितनंच जायचा का?" मी म्हटलं, इथून नाही, ती गोदी डावीकडे, भिंतीआड. त्यांनी डावीकडे मान वळवली आणि तिकडे बघत राहिल्या.

नंतर

पुन्हा आठ दिवसांनी कोरे कागद दिले. या वेळी एका बाजूला मावेना. टपाल कार्यालय सगळ्या बावीस कागदांवर होतं. हॉर्निमन सर्कलचं नाव फक्त तिघांना आठवलं, पण "गाठींचं मैदान" असं अठरा जणांनी लिहिलं होतं. राजाबाई टॉवर पाच कागदांवर, तोही नुसता उल्लेख. उन्हाचा हिशेब असा लगेच दिसला. महापालिका आणि स्टेशन एकच समजणारं या खेपेला कुणी नव्हतं. एकाने तर दोन्ही एकाच हातची आहेत हे लिहून खाली सोलापूरच्या महापालिकेचं चित्र काढलं होतं. आमची महापालिका अप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या इंद्रभुवनात भरते. घरपट्टी भरायला सगळे तिथे जातात. पुढच्या गुरुवारी वाचनालयात न बसता आम्ही दुर्बीण घेऊन इंद्रभुवनासमोर उभे राहिलो, तासभर.

पोस्टकार्डं पाचव्या दिवसापासून यायला लागली. काकूंचं कार्ड मी लिहून दिलं होतं, कारण त्यांना तेलुगू वाचता येतं, मराठी लिहिता येत नाही. त्यांनी सांगितलं तसंच उतरवलं होतं : "हितं बी एक गोलघुमट हाय, लहान हाय. रहाटाचं चाक वर लावलंय. समुद्र अजून बघायचाय." पोस्टमनने ते त्यांच्याच हातात दिलं. नातवाकडून त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मागाच्या वरच्या दांडीला दोऱ्याने अडकवून ठेवलं.